भट्टीवरचा कर आणि तीनशे मैलांवरचं कोर्ट

१५ जुलै १७९४. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पार पश्चिम टोकाला, पिट्सबर्गच्या दक्षिणेला, कापणीचे दिवस होते. विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याच्या दारात दोन घोडेस्वार येऊन थांबले. एक डेव्हिड लेनॉक्स, तेव्हाची राजधानी फिलाडेल्फिया इथून आलेला केंद्र सरकारचा मार्शल, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा अधिकारी. दुसरा जनरल जॉन नेव्हिल, त्याच भागातला बडा जमीनदार आणि आता अबकारी खात्याचा निरीक्षक. लेनॉक्सने कागद वाचून दाखवला. मिलरने आपल्या दारूच्या भट्टीची सरकारदरबारी नोंद केली नव्हती. त्याबद्दल अडीचशे डॉलर दंड का करू नये हे सांगायला त्याने ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाच्या कोर्टात हजर व्हायचं होतं.

मिलरने कागद घेतला नाही. अडीचशे डॉलर भरायचे तर तो पुरता बुडाला असता. त्यातून आपल्याच मुलखातला नेव्हिल परक्या मार्शलला वाट दाखवत आपल्या दारापर्यंत घेऊन आला, हे पाहून त्याचं रक्त उसळलं. दोघे परत निघाले तेव्हा शेतांवरून धावत आलेल्या माणसांच्या घोळक्यातून गोळी सुटली. कुणाला लागली नाही. पण दोन दिवसांत नेव्हिलचा वाडा जळून खाक झाला आणि त्या पानगळीत जवळपास १३,००० सैन्य डोंगर ओलांडून या शेतकऱ्यांवर चालून आलं.

अमेरिकेच्या इतिहासात याला ‘व्हिस्की बंड’ म्हणतात. या नावामुळे फार घोटाळा होतो. दारू स्वस्त मिळावी म्हणून पिणारे रस्त्यावर उतरले, असं काहीतरी चित्र डोळ्यांसमोर येतं. खरं भांडण रोकड पैशाचं आणि अंतराचं होतं. ज्या मुलखात नाणं दिसत नव्हतं तिथे नाण्यातच भरायचा कर बसवला गेला, आणि तो चुकवला तर जाब द्यायला तीनशे मैलांवर बोलावलं गेलं. हे दोन धागे हातात धरले की बाकीची गुंतागुंत सुटत जाते.

आधी कराची गरज कुठून आली ते पाहू. ब्रिटनविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध १७८३ मध्ये संपलं तेव्हा नवा देश कर्जात होता. १७९० च्या सुमारास केंद्राचं कर्ज ५ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास होतं, आणि वेगवेगळ्या राज्यांचं मिळून आणखी अडीच कोटींच्या घरात. युद्धात सैनिकांना पगार द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांना रोखे दिले होते: सरकार हे पैसे पुढे कधीतरी देईल, असं लिहिलेले कागद. घरी परतलेल्या सैनिकाला बी-बियाणं हवं, बैल हवा, घरात खाणारी तोंडं. कागद खाता येत नाही. त्यामुळे हजारो सैनिकांनी ते रोखे दलालांना आणि व्यापाऱ्यांना मातीमोलाने विकून टाकले.

१७९० मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने ठरवलं की हे रोखे पूर्ण दर्शनी किमतीने मानायचे आणि राज्यांचं कर्जही केंद्राने अंगावर घ्यायचं. त्यामागे त्याचा पक्का विचार होता, आणि तो समजून घेतला पाहिजे. देशाने आपलं कर्ज बुडवलं तर पुन्हा त्याला कोणी दारात उभं करणार नाही. ज्याच्या हातात कागद आहे त्याला पैसे मिळतात, हा विश्वास बसला तरच पुढे स्वस्तात कर्ज मिळेल. हे त्याचं म्हणणं बरोबर ठरलं, आणि अमेरिकेची पत बसली. पण कागद तोवर धनिकांच्या तिजोरीत गेले होते. त्यांचं व्याज भागवायला जो कर बसला, तो ज्यांनी लढून ते कागद मिळवले आणि पोटासाठी विकले त्यांच्याकडूनही वसूल होणार होता. पश्चिमेतल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला कुणा पुढाऱ्याची गरज नव्हती.

मार्च १७९१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, देशात गाळल्या जाणाऱ्या दारूवर अबकारी कर लावला. देशात तयार होणाऱ्या मालावर नव्या केंद्र सरकारने लावलेला हा पहिलाच कर. तोपर्यंत कर असायचा तो बंदरात उतरणाऱ्या परदेशी मालावर. तो किमतीत मिसळून जातो, देणाऱ्याला दिसत नाही. हा मात्र दारात येऊन मागितला जाणार होता.

आता त्या दारात काय होतं ते पाहू.

पिट्सबर्ग तेव्हा जेमतेम हजारभर वस्तीचं गाव. आसपास मोनोंगहेला आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात अ‍ॅलेगेनी, वॉशिंग्टन, फेएट आणि वेस्टमोरलंड हे चार जिल्हे. वस्ती बरीचशी स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्यांची, काही जर्मन. जंगल तोडून काढलेली शेतं, ओंडक्यांची घरं. जमीन कसदार, राय नावाचं धान्य भरघोस यायचं. ते विकायचं कुठे, हाच प्रश्न होता. पूर्वेला अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या रांगा, आणि मध्ये गाडीला धड रस्ता नाही. पश्चिमेला नदीने माल सोडावा तर ओहायो मिसिसिपीला मिळते आणि मिसिसिपीच्या तोंडाशी न्यू ऑर्लिन्स स्पेनच्या ताब्यात. स्पेनने अमेरिकन व्यापाराला ती वाट बंद केली होती.

म्हणून व्हिस्की. एका घोड्याच्या पाठीवर राय लादली तर चार बुशेल मावते, साधारण शंभर किलो. एवढं धान्य डोंगरापलीकडे नेऊन विकलं तर वाटखर्चही निघत नाही. पण त्याच धान्याची दारू गाळली तर दोन छोट्या पिंपांत चोवीस बुशेल धान्याचा ऐवज मावतो, आणि तोच घोडा तो घेऊन जातो. ती खराब होत नाही, उंदीर खात नाहीत, वर्षभर ठेवली तरी किंमत राहते. तांब्याचं एक भांडं, त्यावर टोपण, टोपणातून निघणारी नागमोडी नळी आणि ती नळी बुडवलेलं गार पाण्याचं पिंप, एवढाच सरंजाम. प्रत्येकाकडे भट्टी नसायची. शेजारी आपलं धान्य घेऊन यायचे आणि भट्टीवाला त्यातला वाटा ठेवून दारू गाळून द्यायचा, जसा गिरणीवाला दळून देतो तसा.

आणि पुढचं सर्वांत महत्त्वाचं. ही दारू तिथलं चलन होती. मजुराला मजुरी व्हिस्कीत, दुकानदाराची उधारी व्हिस्कीत. चर्चच्या पाद्रीबुवांचं मानधनही कधी कधी व्हिस्कीतच चुकतं व्हायचं. चांदीचं नाणं महिनोन्‌महिने हाताला लागायचं नाही. अशा ठिकाणी सरकार म्हणालं, दारूवर कर भरा आणि तो रोख भरा. आपल्याकडे एखाद्या दुर्गम पाड्यावर देवाणघेवाण भातावर चालत असावी आणि कुणी येऊन म्हणावं की भात घरात ठेवलात याचे पैसे द्या, पण भात चालणार नाही, तशातली ही गत.

कराची आकारणीही पाहण्यासारखी आहे. शहरातल्या कारखान्याने गॅलनमागे कर द्यायचा. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. खेड्यातल्या भट्टीवाल्याने एकतर गाळलेल्या दर गॅलनमागे नऊ सेंट द्यायचे आणि रोजचा हिशेब वहीत मांडायचा, नाहीतर भट्टी जेवढ्या गॅलनची असेल त्याच्या गॅलनमागे वर्षाला साठ सेंट एकरकमी भरायचे. हिशेबासाठी शंभर गॅलनची भट्टी धरू. वर्षाचे साठ डॉलर. मोठा उत्पादक तीच भट्टी बारमाही पेटती ठेवून दोन हजार गॅलन काढेल, त्याला गॅलनला तीन सेंट पडले. शेतकरी कापणीनंतर काही आठवडेच गाळतो. त्याने चारशे गॅलन काढली तर त्याला पंधरा सेंट पडले. म्हणजे मोठ्याला कर हलका आणि लहानाला जड. वर पश्चिमेत व्हिस्कीचा भावच पूर्वेपेक्षा पुष्कळ कमी असल्यामुळे तोच कर तिथे आणखी टोचायचा. १७९२ मध्ये काँग्रेसने दर थोडे उतरवले, महिन्यापुरता परवाना काढायची सोय दिली. रोकडीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

जॉन नेव्हिलवर लोकांचा एवढा राग का, तेही यातून कळतं. तो स्वतः मोठा दारू उत्पादक होता, बोअर हिल नावाच्या टेकडीवर त्याचा वाडा होता, कसायला गुलाम होते. लहान भट्ट्या बंद पडल्या तर बाजार त्याचाच. तोच आता कर गोळा करणारा.

आता अंतराचा धागा. कर चुकवल्याचा खटला चालणार केंद्रीय न्यायालयात, आणि ते फिलाडेल्फियाला. तीनशे मैल, म्हणजे साधारण ४८० किलोमीटर, डोंगरवाटेने घोड्यावरून. जायला-यायला आणि तिथे राहायला मिळून कित्येक आठवडे. शेत कोण बघणार? वाटखर्चाची रोकड कुठून आणणार? साक्षीदारांना सोबत कसं नेणार? खटला जिंकला तरी माणूस बुडाला, अशी ती व्यवस्था होती. लोक ओरडत होते ते ऐकून काँग्रेसने जून १७९४ मध्ये दुरुस्ती केली: लांबच्या आरोपींचे असे खटले स्थानिक राज्य न्यायालयात चालवता येतील. पण साठाहून जास्त भट्टीवाल्यांवर जी समन्स निघाली होती ती त्या दुरुस्तीच्या काही दिवस आधीच्या नोंदीची, जुन्या नियमाखालची. मिलरच्या दारात वाचला गेलेला कागद त्यातलाच होता. त्या थोड्याशा दिवसांचा विचार मनातून जात नाही. ते कागद मागे घेऊन नवे काढले असते तर मिलरला जवळच्याच कोर्टात जाब देता आला असता.

सरकार आपलं ऐकत नाही, ही भावना कराच्या आधीपासूनची होती. सरहद्दीवरचा माणूस म्हणायचा, कर हवा तर संरक्षण द्या. ओहायो नदीच्या उत्तरेला अमेरिकेचं सैन्य १७९० मध्ये हरलं आणि ४ नोव्हेंबर १७९१ ला तर त्याची धूळधाण उडाली. जनरल सेंट क्लेअरच्या फौजेतले सहाशेहून जास्त सैनिक एका सकाळी मारले गेले. हरवणारे होते मायामी, शॉनी, लेनापी हे तिथले मूळ रहिवासी आणि त्यांचे मित्र. ते आपल्याच भूमीसाठी लढत होते. हे या कथेत बहुतेक वेळा निसटतं आणि मला ते निसटू द्यायचं नाही. ज्या शेतकऱ्यांची बाजू मी मांडतो आहे, त्यांची शेतं कुणाच्या तरी जंगलातून आणि मक्याच्या वावरांतून काढलेली होती, आणि सरकारकडे त्यांचं गाऱ्हाणं असं होतं की तुम्ही त्या लोकांना पुरेशा जोराने हाकलत नाही. दूरच्या सत्तेने नाडलेले लोक शेजाऱ्यांवर तेवढीच निष्ठुर सत्ता गाजवू शकतात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

विरोध सुरुवातीला दोन वाटांनी चालला. एक अर्जविनंत्यांची. ऑगस्ट १७९२ मध्ये पिट्सबर्गला परिषद भरली. जिनिव्हाहून येऊन तिथे स्थायिक झालेला अल्बर्ट गॅलटिन नावाचा तरुण तिचा चिटणीस होता. ठरावात कर रद्द करण्याची मागणी होती, आणि कर गोळा करणाऱ्याशी कुणी रोटी-व्यवहार ठेवू नये, त्याला वाळीत टाकावं, असंही होतं. दुसरी वाट रात्रीची. सप्टेंबर १७९१ मध्ये रॉबर्ट जॉन्सन या वसुली अधिकाऱ्याला पिजन क्रीकजवळ अडवलं गेलं. हल्लेखोर बायकांच्या वेशात होते. त्याचे केस कापले, अंगाला डांबर फासलं, वर पिसं चिकटवली आणि घोडा काढून घेऊन त्याला जंगलात सोडलं. त्याने दोघांना ओळखलं, त्यांच्या नावाने वॉरंट निघाली. ती बजावायला जायची कुणाची छाती होईना, म्हणून जॉन कॉनर नावाच्या एका म्हाताऱ्या गुराख्याच्या हाती दिली. त्यालाही चाबकाने मारलं, डांबर-पिसं लावली आणि झाडाला बांधून ठेवलं. त्याच सुमारास रॉबर्ट विल्सन नावाचा एक माणूस, ज्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि जो स्वतःला सरकारी अधिकारी समजायचा, त्याला तर तापल्या लोखंडाचे डाग दिले. गाऱ्हाणं कितीही खरं असो, या माणसाच्या अंगावरच्या डागांचं समर्थन मला करता येत नाही.

पुढे १७९४ मध्ये ‘टॉम द टिंकर’ अवतरला. टिंकर म्हणजे गावोगाव हिंडून फुटकी भांडी सांधून देणारा, आपल्या कल्हईवाल्याच्या जातकुळीतला कारागीर. ज्याने मुकाट्याने कर भरला त्याच्या भट्टीला रात्रीत गोळ्यांनी भोकं पडायची, आणि दारावर किंवा झाडावर टॉमच्या सहीची चिठ्ठी: तुझी भट्टी ‘दुरुस्त’ केली आहे. शेजारीच शेजाऱ्यावर पहारा ठेवू लागला. कर भरणाऱ्याला सरकार वाचवू शकत नाही आणि न भरणाऱ्याला सरकार सोडत नाही, अशा कात्रीत साधी माणसं सापडली.

मिलरच्या दारातली ठिणगी या सुक्या गवतावर पडली. १६ जुलैला काही माणसं नेव्हिलच्या वाड्यावर गेली. गोळीबार झाला, त्यात मिलर कुटुंबातलाच ऑलिव्हर मिलर गेला. नेव्हिलच्या गुलामांनीही त्यांच्या झोपड्यांमधून हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी पाचशेच्या वर माणसं चालून आली. वाड्याच्या रक्षणाला पिट्सबर्गहून आलेले मूठभर सैनिक होते. स्वातंत्र्ययुद्धात लढलेला मेजर जेम्स मॅकफार्लेन जमावाचं नेतृत्व करत होता. आतून पांढरं फडकं हललं असं वाटून तो आडोशातून बाहेर आला आणि गोळी लागून पडला. मग वाडा पेटवला.

१ ऑगस्टला पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉक्स फील्डवर सुमारे ७,००० लोक जमले. त्यातल्या बहुतेकांच्या घरी भट्टीही नव्हती. यावरून कळतं की गोष्ट आता कराच्या पुढे गेली होती. जमीन, कर्ज, गरिबी, सगळं त्यात मिसळलं होतं. शहर जाळायची भाषा चालली होती. तेव्हा ह्यू हेन्री ब्रॅकनरिज नावाच्या वकिलाने आणि गावकऱ्यांनी डोकं शांत ठेवलं. त्यांनी जमावाचं स्वागत केलं, गावातून मिरवत नेलं, पलीकडच्या मैदानावर खाणं आणि व्हिस्कीची पिंपं मांडली आणि नावांतून नदीपार पोहोचवलं. थोडीफार जाळपोळ झाली, पण गाव वाचलं.

तिकडे फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन होते. या मुलखाशी त्यांचा जुना संबंध होता. तिथे त्यांची स्वतःची जमीन होती. १७८४ मध्ये ते ती पाहायला गेले तर त्यावर लोक घरं बांधून राहिलेले. आम्ही कसली ती आमची, असं ते म्हणाले. वॉशिंग्टननी दावा लावला आणि १७८६ मध्ये जिंकला. सरहद्दीवरच्या माणसाला दूरचं सरकार आणि दूरचा जमीनदार एकाच चेहऱ्याचे दिसत होते, ते उगाच नाही.

वॉशिंग्टननी दोन्ही हातांनी काम केलं. ७ ऑगस्टला हुकूम काढला: १ सप्टेंबरच्या आत घरी परता. सैन्य जमवायला सुरुवात केली आणि बोलणी करायला तीन आयुक्तही पाठवले. २९ ऑगस्टच्या सुमारास रेडस्टोनला पश्चिमेतल्या प्रतिनिधींची बैठक झाली. गॅलटिन आणि ब्रॅकनरिज शरण जाण्याच्या बाजूने बोलले. पण उघड मत द्यायला माणसं घाबरत होती, टॉम टिंकर आपल्याही दारात येईल म्हणून. शेवटी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, तिच्यावर ‘होय’ आणि ‘नाही’ दोन्ही लिहिलेलं. नको तो शब्द फाडून नष्ट करायचा आणि उरलेला तुकडा टाकायचा. ३४ विरुद्ध २३ मतांनी समेट मान्य झाला. तेवढ्याने सरकारचं समाधान झालं नाही, आणि न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलंड, व्हर्जिनिया या राज्यांचं नागरी सैन्य निघालं. वॉशिंग्टन स्वतः बेडफर्डपर्यंत सोबत गेले, पुढे हॅमिल्टन गेला.

लढायला समोर कोणी नव्हतं. बंडाचा पुढारी डेव्हिड ब्रॅडफर्ड स्पेनच्या हद्दीत पळून गेला होता. १३ नोव्हेंबरच्या रात्री दीडशेच्या आसपास माणसांना अंथरुणातून ओढून काढलं, काहींना अनवाणीच थंडीत चालवलं. त्यातले कित्येक निव्वळ साक्षीदार होते. अखेर वीसेक जणांना फिलाडेल्फियाला नेलं. महिनाभर चालून ते २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, शहरात शिरले. टोपीवर ‘बंडखोर’ लिहिलेली चिठ्ठी, दुतर्फा बघ्यांची गर्दी. ज्या तीनशे मैलांना नाही म्हणण्यावरून सगळं पेटलं, ते मैल त्यांना असे चालावे लागले. गुन्हा शाबित झाला फक्त दोघांचा, फिलिप वायगल आणि जॉन मिचेल. देशद्रोहाबद्दल फाशीची शिक्षा झाली. वॉशिंग्टननी १७९५ मध्ये दोघांनाही माफी दिली.

त्याच वर्षी स्पेनशी तह होऊन मिसिसिपीची वाट मोकळी झाली, आणि ग्रीनव्हिलच्या तहाने मूळ रहिवाशांना आजच्या ओहायो राज्याचा बहुतांश भाग सोडावा लागला. सैन्याने खरेदी केलेल्या धान्याने आणि व्हिस्कीने पश्चिमेत काही काळ रोकड खेळली. कर मात्र पुरता वसूल कधीच झाला नाही. केंटकीत तर तो गोळा करायला माणूस मिळणं मुश्कील होतं. १८०१ मध्ये थॉमस जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८०२ मध्ये हा कर रद्द झाला. तेव्हा हॅमिल्टनच्या जुन्या खुर्चीत, अर्थमंत्री म्हणून, अल्बर्ट गॅलटिन बसलेला होता.